वर एक पाव

बेकरीवाल्याच्या पायाला जन्मापासूनच भिंगरी. पीठ मळताना येरझारा, गिऱ्हाइकाशी बोलताना येरझारा, जेवायला बसला तरी दोन घासांच्या मध्ये उठून भट्टीत डोकावून येणार. "अहो, भट्टी काय पळून चाललीय का?" बायको म्हणायची. ती गल्ल्यावर बसायची, आणि नवऱ्याबद्दल तिची मोठी तक्रार वेगळीच होती. या माणसाचा हात फार सैल. कुणी सहा पाव मागितले की हा सात बांधणार, बारा मागितले की तेरा. "वर एक," असं पुटपुटत तो शेवटचा पाव पिशवीत टाकायचा आणि मगच पिशवी पुढं करायचा. त्याचे वडील तसंच करायचे, आजोबाही. आपल्या दारातून माणूस रिकाम्या पोटी गेला तर भट्टी रुसते, असं काहीतरी त्यांचं म्हणणं होतं. भट्टी रुसलेली कुणी पाहिली नव्हती. बायको मात्र रोज रुसायची.

त्यांना लेक एकच, पण एकीत दोन बसतील अशी. पिठाची पोती उचलत वाढलेली, खांदे रुंद, पाय खांबासारखे. कॉलेजच्या रस्सीखेचीच्या संघाची ती कप्तान. रस्सीखेच म्हणजे आठजणी इकडं, आठजणी तिकडं, मध्ये दोर. त्यात जी सगळ्यात मागं उभी राहते तिला हे लोक खुंटा म्हणायचे. दोर तिच्या काखेतून पाठीवर जातो, पाठीवरून खांद्यावर येतो, आणि पुढच्या सातजणी घसरल्या तरी तिनं जागचं हलायचं नसतं. तर ही खुंटा. पुढं पुढं खरं नाव हाजरी घेणाऱ्यापुरतंच उरलं. बेकरीवाल्याला त्या नावाचा केवढा अभिमान! गिऱ्हाइकानं नुसतं "लेक काय करते?" विचारायचा अवकाश, तो हातातला ट्रे खाली ठेवून खांद्यावरून दोर कसा घेतात ते करून दाखवायचा.

लेकीला सैनिकी अकादमीत जायचं होतं. आजचं वेड नव्हे ते, दुधाचे दात पडायच्या आधीपासूनचं. मागच्या वर्षी लेखी परीक्षेत घोडं अडलं होतं. यंदा काठावर का होईना, लेखी पार पडली. आणि वयाची अट बघता ही शेवटचीच खेप होती. यंदा नाही तर कधीच नाही.

लेखीचा निकाल लागल्यावर कॉलेजच्या खेळाच्या बाई स्वतः बेकरीत आल्या. बाई म्हणजे काटक, तोंडानं फटकळ, आणि बोलताना समोरच्याला दोराच्या दुसऱ्या टोकाला धरल्यासारखं बोलणाऱ्या.

"लेखीत हिला जेमतेम गुण आहेत," त्या म्हणाल्या. "आता सगळी भिस्त खेळाच्या गुणांवर. त्यांचं गणित असं आहे बघा. नुसतं खेळलात तर चिमूटभर गुण. कप्तान असलात तर मूठभर. आणि कप्तान म्हणून स्वतः दोरावर उभं राहून अंतिम सामना जिंकलात, तर ओंजळभर. एकटी पळणारी त्यांना फारशी नको असते. चारजणींना बरोबर घेऊन ओढणारी हवी असते."

"मग काय, आपली तर कप्तानच आहे!" बेकरीवाला दुकानाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला.

"ऐकून तर घ्या. अंतिम सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी अकादमीचं निवड शिबिर. तिथं पहिल्यांदा काट्यावर उभं करतात. उंचीच्या मानानं ही आठ किलोनं जास्त आहे. दारातूनच परत पाठवतील."

"जास्त? अहो, त्या आठ किलोंवर तर तुमचा संघ उभा आहे!"

"तेच तर म्हणतेय! इकडं आड, तिकडं विहीर. आणि रस्सीखेचीत संघाचं वजन मिळून धरतात. आठजणींच्या वजनाची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की संघ बाद. आत्ता आपण बरोबर काठावर आहोत. ही आठ किलो उतरली की संघ आठ किलोनं हलका. समोरच्या पोरी आपल्याला केर काढल्यासारखं ओढून नेतील."

लेक पिठाच्या पोत्याला टेकून उभी होती. बेकरीवाल्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो भट्टीकडं गेला, परत आला, आणि मध्येच थांबला. बायकोनं गल्ल्यावरून मान वर करून पाहिलं, कारण हा माणूस मध्येच थांबत नसे.

"बाई, हिची आठ किलो उतरली आणि बाकीच्या सातजणींची मिळून आठ चढली तर?"

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "माणशी किलो-सव्वा किलो," त्या हळूच म्हणाल्या.

"मग चढवायचं माझ्यावर सोडा. पाव कुणाचा आहे!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातजणी बेकरीच्या मागच्या खोलीत हजर. लांबलचक लाकडी बाकावर ओळीनं बसायच्या, पाव-लोण्यावर तुटून पडायच्या, वर पेलाभर दूध. त्यांच्यात खुंट्याच्या पुढं उभी राहणारी एक होती, गोल चेहऱ्याची, तिला सगळ्या फुगा म्हणायच्या. ती लेकीपेक्षा एका वर्षानं मागं, अकादमीत तिलाही जायचं होतं पण पुढच्या वर्षी, आणि खाण्याच्या बाबतीत सगळ्यांच्या पुढं. "काका, संघासाठी म्हणून आणखी एक," असं म्हणून हात पुढं करायची. या सातजणींशिवाय आणखी एक, काडी. ती राखीव. नावाप्रमाणंच अंग, फुंकर मारली तर उडेल. ती बिचारी कितीही खायची आणि तिच्या अंगाला काहीही लागायचं नाही.

आणि लेक? लेक सकाळी रेनकोट घालून पळून यायची, घामानं निथळत त्याच खोलीत येऊन बसायची, आणि उकडलेलं एक अंडं आणि काकडी खायची. अंडं चार घासांत. काकडी मात्र पुरवून पुरवून. ते बघून बेकरीवाल्याचा जीव तुटायचा. गावाला वर एक, आणि पोटच्या पोरीला एकसुद्धा नाही! तो तिच्या आसपास घुटमळायचा, उगाच बाक पुसायचा, उगाच विचारायचा, "मीठ देऊ का काकडीला?"

"बाबा, तुम्ही एका जागी उभे राहा बरं!" ती एकदा ओरडलीच. "आणि तो ट्रे झाका! वास येतो!"

फुग्याचा घास तोंडातच राहिला. मग लेकच हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती उठून मागच्या दारानं परत पळायला निघून गेली. बेकरीवाल्यानं त्या दिवसापासून ट्रेवर दुहेरी फडकं टाकायला सुरुवात केली.

दर आठवड्याला तो सगळ्यांना पिठाच्या पोत्यांच्या काट्यावर उभं करायचा. लेकीचा काटा उतरत होता, सातजणींचा चढत होता. या कामात त्याच्याइतका काटेकोर माणूस नाही. कुणी जास्त चढली की तिचं लोणी बंद, कुणी मागं पडली की तिला दुधाचा दुसरा पेला. पोरींचा त्याच्यावर एवढा विश्वास बसला, की काकांनी ताटात टाकलं म्हणजे ते हिशेबात बसलेलं असणार, असं त्या धरूनच चालल्या. घरात मात्र लेकीचे गाल आत गेले. आईनं शिवलेला कुडता तिच्या अंगावर लोंबायला लागला. रात्री ती कूस बदलत पडायची आणि भिंतीपलीकडं बाप. "दोघं मिळून माझी झोप खाता," बायको म्हणायची, पण तिनंही हल्ली जेवणात स्वतःला कमीच वाढून घ्यायला सुरुवात केली होती.

सामन्याच्या आदल्या दिवशी बेरीज झाली. आकड्याच्या आत, पण कसं, तर मूठभर पिठाच्या फरकानं. लेकही अकादमीच्या मापात आली होती. बाईंनी सगळ्यांना बजावलं, "उद्या वजन होईपर्यंत तोंडात पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. वजन झालं की काय हवं ते हादडा." बेकरीवाल्यालाही बजावलं. तो ट्रे उचलत होता. "हो हो, म्हणजे काय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लेक, बाई आणि काडी पुढं गेल्या, नावं द्यायला. सातजणींना घेऊन बेकरीवाला पावाच्या गाडीतून निघाला. मागं त्यांच्याबरोबर एक मोठा ट्रे आणि दुधाची किटली, वजनानंतर खायला म्हणून. पाव नुकतेच निघालेले. सारी गाडी त्या वासानं भरली. वाटेत रस्त्याचं काम चाललेलं, गाडी मुंगीच्या चालीनं सरकत होती, आणि बेकरीवाल्याचा पाय गाडीतसुद्धा थांबत नव्हता. तेवढ्यात फुग्याचं पोट गुरगुरलं. असं गुरगुरलं की पुढच्या सीटवर ऐकू आलं. पोरी खिदळल्या. मग दुसऱ्या एकीचंही गुरगुरलं.

त्याच्या मनात आलं, पोरी ओढायला चालल्यात. रिकाम्या पोटी कशा ओढतील? मूठभराची तर सवड आहे. एका पावानं काय होतंय? त्यानं गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं, फडकं बाजूला केलं आणि एकेकीच्या हातात एकेक पाव दिला. "बाई म्हणाल्या होत्या..." एक पुटपुटली. "एकानं काय होतंय!" तो म्हणाला. काकाच म्हणतात म्हटल्यावर पोरींनी घास घेतला. पाव कोरडा कसा जाणार, म्हणून दूध. आणि शेवटी फडकं झाकताना त्याचा हात आपोआप पुन्हा ट्रेत गेला.

"वर एक," तो म्हणाला, आणि सातही जणींना दिला.

वजनाच्या खोलीत पांढऱ्या टोपीचे पंच बसले होते. एकेक पोरगी काट्यावर चढत होती, पंच आकडा मोठ्यानं म्हणत होते आणि बाई तोंडातल्या तोंडात बेरीज करत होत्या. बेकरीवाला दारात उभा. तिसऱ्या पोरीला बाईंच्या कपाळाला आठी पडली. पाचवीला त्यांनी वळून त्याच्याकडं पाहिलं. सगळ्यांत शेवटी लेक चढली, तिचा आकडा बरोबर होता. पण बेरीज दोन किलोंनी वर.

"काल तर आत होतो!" बाई कडाडल्या. "काय खाल्लंत? कुणी खाल्लं?"

सातजणी जमिनीकडं बघत उभ्या. फुग्याच्या कॉलरवर पावाचा चुरा होता. बेकरीवाला दारातून आत आला. काटा, माप, वजन, ज्यात उभा जन्म गेला तिथंच त्यानं माती खाल्ली होती.

"मी दिले," तो म्हणाला. "पोरींचा काही दोष नाही. मी दिले. गरम होते..."

लेकीनं त्याच्याकडं पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

पुन्हा वजन करायला तासाभराची मुदत होती. मग जे काय झालं ते बघून एरवी हसू आलं असतं. आठही जणी, जे मिळेल ते अंगात घालून, भर उन्हात मैदानाभोवती पळत सुटल्या. थुंकत होत्या, मोरीकडं धावत होत्या, परत पळत होत्या. त्यांच्या मागं मागं बेकरीवाला, जणू तोही बेरजेत होता. लेकही पळत होती, पण तिच्या अंगात गाळायला उरलं होतंच काय? तासानं पुन्हा काटा. बराच उतरला होता, पण अजून अर्ध्या-पाऊण किलोनं वर.

"आता कुणीतरी एक बाहेर आणि काडी आत. दुसरा उपाय नाही," बाई म्हणाल्या. "कप्ताननं ठरवायचं."

बेकरीवाल्यानं लेकीचा दंड धरून तिला बाजूला नेलं. "फुग्याला काढ," तो घाईघाईनं म्हणाला. "तिचं वजन सगळ्यात जास्त चढलंय. तिला काय, पुढचं वर्ष आहे. तुला नाही. तू दोरावर नसलीस तर ते ओंजळभर गुण गेले, कळतंय ना तुला? पोरी, ऐक माझं!"

"कळतंय," लेक म्हणाली. तिचे ओठ सुकले होते. "बाबा, खुंट्याला वजन लागतं. माझ्यात ते आता नाही. दोर खांद्यावर घेतला की मला आतून कळतं, मी हलते. फुगा नाही हलणार. मी राहिले तर आपण हरणार. हरल्यावर कसले गुण?"

"हरालच कशावरून? ओढून तर बघ!"

"आणि तिनं तुमच्या शब्दावर खाल्लं. दोन महिने माझ्यासाठी खाल्लं. आता त्याच खाण्यापायी तिला मी बाहेर काढू? मग मी कप्तान कशाची?"

ती बाईंकडं गेली, खुंट्यानं बांधायचा कमरेचा रुंद पट्टा सोडला आणि फुग्याच्या कमरेला स्वतःच्या हातानं बांधला. फुगा मोठ्यानं रडत होती आणि "मी नाही, मी नाही" म्हणत होती. "रडू नकोस," लेक म्हणाली, "रडून वजन कमी होईल, मग मला परत यावं लागेल." त्यावर फुगा रडता रडता हसली.

सामन्यात लेक दोराच्या बाजूनं पुढं-मागं पळत हाका देत होती. "खाली! बसा! धरा... धरा... आता!" पहिली खेच हरल्या. दुसरी जिंकल्या. तिसरीत दोन्ही बाजू इतका वेळ जागच्या जागी थरथरत राहिल्या, की बेकरीवाल्याला वाटलं आता दोरच तुटेल. आणि फुगा मागं टाचा रोवून आडवी झाली होती, डोळे मिटून, खुंट्यासारखी खुंटा. इंच इंच करत समोरच्या सरकल्या. शिट्टी वाजली. पोरींनी एकमेकींवर उड्या घेतल्या आणि त्या ढिगाऱ्यात लेकही होती, सगळ्यांत मोठ्यानं ओरडत. बेकरीवाल्यानंही टाळ्या वाजवल्या. त्याला काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते.

शिबिराहून लेक तीन दिवसांनी परत आली. बापानं फाटकातच गाठलं. "काय झालं? काट्यावर?"

"बसले मापात."

"आणि मुलाखत?"

"त्यांनी विचारलं, कप्तान होतीस, मग अंतिम सामन्यात दोरावर का नव्हतीस? मी म्हटलं, हलकी झाले होते. म्हणाले, कशानं? म्हटलं, तुमच्या काट्यासाठी."

"मग?"

"मग काही नाही. एकजण पाणी प्याले."

निकाल लागला तेव्हा ती थोडक्यात राहिली होती. कप्तानपदाचे मूठभर गुण मिळाले होते, अंतिम सामन्याचे ओंजळभर मिळाले नव्हते. त्यांच्या नियमाप्रमाणं बरोबरच होतं ते. ती दिवसभर गच्चीवर येरझारा घालत राहिली. पायाची भिंगरी बापाकडून आलेली, ती कुठं जाणार? संध्याकाळी खाली उतरली, तोंड धुतलं आणि पिठाच्या पोत्याला हात घातला. बापाला एका शब्दानं बोलली नाही. दोष दिला नाही आणि समजूतही घातली नाही.

त्या दिवसापासून बेकरीवाल्याचा हात बदलला. सहा म्हणजे सहा, बारा म्हणजे बारा. पिशवी बांधायची आणि पुढं करायची. "काय हो, आज वर एक नाही?" गिऱ्हाईक विचारायचं. "नाही," एवढंच. आयुष्यभर जी गोष्ट मागितली ती बायकोला आता मिळाली होती, आणि ती गल्ल्यावर बसून नवऱ्याकडं चोरून बघत होती. तिला ते अजिबात बघवत नव्हतं. तो येरझारासुद्धा घालेनासा झाला होता.

एका सकाळी फुगा आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. दाराशीच उभी राहिली, मान खाली घालून. "काका, सहा पाव. आईनं मागवलेत."

त्यानं सहा मोजले. पिशवी बांधली. फुग्याकडं त्याला बघवेना. तिचं खरंच काही चुकलं नव्हतं, आणि तरीही त्याच्या मनात येत होतं, की पुढच्या वर्षी हीच अकादमीत जाईल, माझ्या पोरीच्या पट्ट्यावर. त्या विचाराची त्याला लाज वाटली, आणि विचार गेलाही नाही.

तेवढ्यात मागून लेक आली. हातांना कोपरापर्यंत पीठ. तिनं बापाच्या हातातली पिशवी घेतली, गाठ सोडली, ट्रेवरचं फडकं उचललं.

"बाबा," ती म्हणाली, "वर एक राहिला."

तिनं पाव पिशवीत टाकला आणि पिशवी फुग्याच्या हातात दिली. "वरचा आईला दे. आणि उद्यापासून सहाला मैदानावर ये, अकादमीच्या मापासाठी तुझी उंची मोजायचीय. यंदा आपण वेळेवर सुरुवात करू."

फुगा गेली. लेकीनं ट्रेमधला आणखी एक पाव उचलला, मधोमध मोडला, अर्धा बापाच्या हातात ठेवला आणि अर्धा स्वतः खाल्ला, उभ्या उभ्या, गरमच.

"वजन करायचंय का कुणाचं आज?" तिनं भरल्या तोंडानं विचारलं.

"नाही," बेकरीवाला म्हणाला. त्यानं हातातला अर्धा पाव तोंडात टाकला आणि भट्टीत डोकावायला निघाला, मग परत आला, मग पुन्हा गेला.